हरणाच्या मटणासाठी घरची थंड खोली

अमेरिकेत हरणाच्या शिकारीचा परवाना मिळतो, पण खरी पंचाईत असते ती शिकार टांगायची. (आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो विषयच संपवला आहे.) गॅरेजच्या कोपऱ्यात 8 बाय 8 फुटांची खोली करा आणि एक टनाचा खिडकी एसी लावा. साधा एसी 16 अंशांच्या आसपास थांबतो. कूलबॉट नावाचा कंट्रोलर त्याला फसवून आणखी खाली नेतो आणि कॉइलवर बर्फ धरू लागला की थोडा वेळ थांबवतो. एसीची मागची बाजू मात्र खोलीबाहेरच हवी.

खरं काम असतं इन्सुलेशनचं. भिंती, छत, दार सगळीकडे 4 इंच फोम. जमिनीलाही, तिथंच लोक कंजुषी करतात. मग दिवसा आत जाऊन दार लावा, दिवा घालवा. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथं सीलंट भरा. दार आतूनही उघडलंच पाहिजे, यात तडजोड नको.

हुक फोममध्ये नव्हे, लाकडी तुळईत ठोका. मोठा नर 60-70 किलो सहज भरतो. दोन धडांमध्ये वीतभर जागा सोडा आणि एक छोटा पंखा चालू ठेवा, नाहीतर चिकटलेली बाजू बुळबुळीत होते. तापमान 1 ते 4 अंश. थर्मामीटर ग्लासभर पाण्यात बुडवून ठेवा. दार उघडताच हवेचा आकडा उड्या मारतो, पाण्याचा नाही.