ढवळायचं नाही: पीच कॉब्लरची माझी रीत

पीच कॉब्लर, म्हणजे पीचच्या फोडी आणि मैद्याचं पीठ ओव्हनमध्ये भाजून केलेला अमेरिकन गोड पदार्थ, मला शेजारच्या आजींनी शिकवला. इथे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात वडीलधाऱ्या बायकांना नुसत्या नावानं हाक मारत नाहीत, नावाआधी 'मिस' लावतात. लग्न झालेलं असो वा नसो, आपल्या 'काकू'सारखंच ते. त्यांच्या ओट्याशी मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा भांड्यात वितळलेलं लोणी होतं, त्यावर मैद्याचं पातळ पीठ होतं आणि त्यावर त्यांनी गरम पीच ओतले. माझा हात आपसूक चमच्याकडे गेला. सांगलीच्या घरी शिरा, पिठलं, खीर करताना लहानपणापासून एकच ऐकलेलं: ढवळत राहा, खाली लागेल. आजींनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "चमचा ठेव. आता त्याचं त्याला करू दे."

या पदार्थातलं निम्मं कसब त्या एका वाक्यात आहे. उरलेलं निम्मं फळात आहे, म्हणून आधी फळाबद्दल सांगते.

आम्ही वॉर्नर रॉबिन्सला राहतो, अटलांटापासून गाडीनं दीड-पावणेदोन तास दक्षिणेला. शेजारच्या परगण्याचं नावच पीच काउंटी. तो 1924 साली झाला आणि जॉर्जियातला सगळ्यांत शेवटी झालेला परगणा तोच. राज्याचं टोपणनाव 'पीच स्टेट', गाडीच्या नंबरप्लेटवरही पीचचं चित्र. उत्पादन मात्र कॅलिफोर्नियात आणि साउथ कॅरोलायनात जास्त होतं. पण इथल्या माणसांचा या फळावरचा जीव आकड्यांत मोजण्यासारखा नाही. जवळच्याच मार्शलव्हिलच्या सॅम्युएल रम्फ यांनी 1870 च्या दशकात तयार केलेल्या जातीला त्यांनी आपल्या बायकोचं नाव दिलं: एल्बर्टा. ते फळ वाहतुकीत टिकायचं, म्हणून रेल्वेनं उत्तरेकडच्या शहरांत पोचलं आणि जॉर्जियाचं नाव त्याच्याबरोबर गेलं. आजी अजूनही चांगल्या पिवळ्या पीचला कौतुकानं 'अगदी एल्बर्टासारखा' म्हणतात.

झाडाला थंडी मोजून लागते. हिवाळ्यात पारा साधारण 7 अंश सेल्सियसच्या खाली असण्याचे ठरावीक तास भरले नाहीत, तर वसंतात मोहोर नीट येत नाही. आणि लवकर ऊब मिळून मोहोर आला, मग मागून गोठवणारी थंडी पडली, तर सगळंच जातं. 2023 साली दोन्ही झालं आणि राज्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त पीक गेलं. त्या उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या टपऱ्या ओस होत्या. हापूसचा मोहोर गळाला की कोकणातल्या घरात जशी चर्चा चालते, तशीच इथे प्रत्येक घरात चालली होती.

आता कामाचं. पीच दोन तऱ्हेचे. मेच्या मध्याला जे पहिले येतात त्यांचा गर बाठ्याला घट्ट चिकटलेला असतो, त्यांना 'क्लिंग' म्हणतात. जूनच्या उत्तरार्धापासून ऑगस्टपर्यंत येतात ते 'फ्रीस्टोन'. त्यांचा बाठा अलगद सुटतो. कॉब्लरसाठी दुसरे घ्या. पहिल्या वर्षी मी मेमध्ये घाईनं क्लिंग आणले. प्रत्येक फळाचा गर बाठ्यावरून खरवडून काढावा लागला, फोडींचा लगदा झाला आणि तासभर गेला. चव वाईट नव्हती, पण कॉब्लरमध्ये फोड दिसायला हवी, दाताला लागायला हवी.

लाल रंगावर जाऊ नका. लाली उन्हाची आणि जातीची असते, पिकल्याची नाही. देठाजवळचा रंग बघा. तिथे हिरवट झाक असेल तर फळ लवकर तोडलंय. पिवळा, सोनेरी असेल तर घ्या. मग नाकाशी धरा. वास नसलेल्या पीचचा कॉब्लर करण्यात अर्थ नाही. अंगठ्यानं दाबून बघू नका, तिथे डाग पडतो. सगळी बोटं सारखी ठेवून हलकेच धरा, देठाच्या खांद्यापाशी जरा नरम लागलं पाहिजे. कडक असले तर कागदी पिशवीत, देठ खाली करून, ओट्यावर दोन-तीन दिवस ठेवा. आंब्याची आढी लावलेल्यांना हे वेगळं शिकवायला नको. पिकण्याआधी फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. त्या थंडीत गर आतून कोरडा, पिठूळ होतो आणि मग कितीही बाहेर ठेवला तरी त्याला रस सुटत नाही.

आपल्याकडे हे फळ हिमाचल आणि उत्तराखंडातून येतं. हिंदीत आडू, आणि मराठी कोशात त्याला सप्ताळू असा देखणा शब्द आहे. मे ते जुलैमध्ये पुण्या-मुंबईच्या फळबाजारात मिळतात ते बहुधा लहान, कडक आणि आंबटसर असतात. माझी बहीण पुण्यात ते आणून ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, हाच कॉब्लर करते. फळ चार दिवस पिकवते आणि साखर पाव वाटीनं वाढवते.

साहित्य 9 बाय 13 इंचाच्या, म्हणजे साधारण 23 बाय 33 सेंटिमीटरच्या भांड्यासाठी सांगते. आठ-दहा माणसांना पुरतं. आठ इंची चौकोनी भांडं असेल तर सगळंच निम्मं करा. माप अमेरिकन कपाचं, 240 मिलिलिटरचं.

फळ: पिकलेले मध्यम पीच सात-आठ, सोलून फोडी केल्यावर चार ते पाच कप. त्यात अर्धा कप साखर, एक मोठा चमचा लिंबाचा रस, चिमूट मीठ.
पीठ: मैदा 1 कप (125 ग्रॅम), साखर पाऊण कप (150 ग्रॅम), बेकिंग पावडर 2 छोटे चमचे, मीठ पाव छोटा चमचा, दूध 1 कप.
लोणी: 113 ग्रॅम, म्हणजे इथली एक कांडी. भारतात 100 ग्रॅमचं पाकीट मिळतं, तेवढं पुरे. ते खारं असेल तर पिठातलं मीठ वगळा.
वासाला: पाव चमचा दालचिनीची पूड आणि दोनदा किसणीवरून ओढलेलं जायफळ.

वेलची घालावीशी वाटेल. मी दोनदा घालून पाहिली. पीचचा वास नाजूक असतो, वेलची त्याच्यावर बसते आणि मग आपण बासुंदीच्या वासाचं काहीतरी खातो. जायफळ मात्र छान जमतं. यात अंडं नाही, म्हणून माझ्या सासूबाई इथे येतात तेव्हा हा पदार्थ हमखास होतो. त्यांनाही घेता येतं आणि वेगळं काही करावं लागत नाही.

ओव्हन 190 अंश सेल्सियसवर तापवायला लावा, इथल्या हिशेबानं 375 फॅरनहाइट. ओटीजी असेल तर वरखालच्या दोन्ही सळ्या चालू, जाळी मधल्या खणात.

पीच सोलायला पाणी उकळा. फळाच्या बुडाशी सुरीनं फुलीसारखी चीर द्या, उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट ठेवा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. साल बोटानं निघते, टोमॅटोची निघते तशी. निघत नसेल तर फळ कच्चं आहे, मग सोलाण्यानं काढा. फोडी अर्ध्या इंचाच्या करा. पातळ केल्या तर विरघळून जातात.

फोडी, साखर, लिंबू आणि मीठ पातेल्यात घेऊन मध्यम आचेवर ठेवा. साखर विरघळून रसाला एक उकळी आली की लगेच उतरवा. हे मुरांब्यासारखं शिजवायचं नाही, तीन-चार मिनिटं पुष्कळ. फळ फारच रसाळ असेल तर एक मोठा चमचा कॉर्नफ्लोर थोड्या थंड पाण्यात कालवून त्यात घाला. एरवी गरज नसते, पीठच रस पिऊन घेतं.

फळ उतरवलं की लोणी भांड्यात घालून भांडं ओव्हनमध्ये ठेवा. पाचेक मिनिटांत वितळतं. लोणी जळेपर्यंत विसरू नका, फेस आला की काढा. तोवर मैदा, साखर, बेकिंग पावडर, मीठ आणि मसाला एका वाडग्यात एकत्र करून दूध ओता. फार फेटायचं नाही, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. घावनाच्या पिठाहून किंचित दाट होतं. दूध फ्रीजमधलं घेऊ नका. थंड पिठानं लोणी जागच्या जागी गोठतं, आणि काचेचं तापलेलं भांडं असेल तर तडकण्याचीही भीती असते. दूध तासभर आधी बाहेर काढून ठेवा.

आता तीन थर. गरम लोण्यावर पीठ, मधून सुरुवात करून सगळीकडे ओता. लोणी कडांनी वर येऊन तरंगेल, ते तसंच हवं. त्यावर फोडी पळीपळीनं पसरा आणि शेवटी वरून रस. इथे चमचा सिंकमध्ये टाका.

माझ्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा एकटीनं केला तेव्हा मी एकदाच, अगदी हलकेच, पीठ आणि फळ एकत्र केलं. लोणी पिठात मिसळलं, रस पिठात शिरला. बाहेर आला तो ओलसर, जड केक, कडा मऊ, मधोमध कच्चा. न ढवळता असं होतं: बेकिंग पावडर तापली की पिठात वायू भरतो, पीठ हलकं होऊन फोडींच्या फटींतून वर चढतं आणि जड फळ खाली बसतं. लोणी कडांना राहतं आणि तिथलं पीठ त्यात अक्षरशः तळलं जातं. म्हणून वरचा थर केकसारखा, मधला रसानं भिजलेला आणि कडा अनरशाच्या जाळीसारख्या कुरकुरीत लागतात. थर मोडले की यातलं काहीच होत नाही.

खालच्या खणात एक थाळी ठेवा, रस उतू जातो आणि ओव्हनच्या तळाशी जळतो. चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतात. अर्ध्या तासापर्यंत दार उघडू नका. झालं की नाही ते असं ओळखा: वर गडद सोनेरी रंग, कडा तपकिरी आणि भांड्यापासून जरा सुटलेल्या, बाजूनं येणारे बुडबुडे मोठे आणि संथ. मधोमध जिथे पीठ वर आलंय तिथे विणायची सुई घालून पाहा, कोरडी निघाली पाहिजे. रंग आला पण सुई ओली असेल तर वरून फॉइल अलगद झाकून आणखी आठ-दहा मिनिटं ठेवा.

बाहेर काढल्यावर वास असा सुटतो की मुलं बशा घेऊन येतात. तरी अर्धा तास थांबवा. गरम रस पाण्यासारखा असतो, निवता निवता दाट होतो, आणि जीभ भाजण्याइतका तापलेलाही असतो. मग मोठ्या चमच्यानं वाढा. याच्या वड्या पडत नाहीत, पडूही नयेत. सोबत व्हॅनिला आइसक्रीम. आमच्याकडे सासूबाई थंड आटवलेलं दूध घेतात आणि मला तेही आवडतं.

इथे कॉब्लरचे आणखी प्रकार आहेत. काही घरांत फळावर बिस्किटाच्या (इथलं बिस्किट म्हणजे मऊ, फुगलेला छोटा पाव) कणकेचे गोळे ठेवतात, काही घरांत 'पाय' (pie) या फळ भरून भाजलेल्या पदार्थासारखी पोळी किंवा तिच्या पट्ट्यांची जाळी घालतात, आणि प्रत्येक घराला आपलाच खरा वाटतो. आजींच्या आईच्या घरी तो बिडाच्या जड भांड्यात, झाकणावर निखारे ठेवून व्हायचा, असं त्या सांगतात. लोण्यावर पीठ ओतायची ही रीत त्यांतली सगळ्यांत सोपी. पहिल्यांदा करणाऱ्यानं हीच करावी असं माझं ठाम मत आहे. लाटणं नाही, कणीक थंड करणं नाही, पसाराही कमी. बाजारात बेकिंग पावडर आणि मीठ आधीच घातलेला मैदा मिळतो, आजी तोच वापरतात. तो घेतलात तर वरून पुन्हा दोन्ही घालू नका.

हंगाम नसेल तर गोठवलेल्या फोडी थेट पातेल्यात घाला, फक्त उकळी यायला जास्त वेळ द्या. डब्यातले पीच घ्यायचे तर 820 ग्रॅमचे दोन मोठे डबे लागतील. पाक निथळून टाका, फळातली साखर दोन चमच्यांवर आणा आणि लिंबू वाढवा. चव उन्हाळ्यातल्या फळाची येत नाही, पण जानेवारीत पाहुणे आले तर डब्यातला कॉब्लरही वाट्या चाटूनपुसून संपतो.

उरलेला झाकून फ्रीजमध्ये तीन दिवस राहतो. गरम करायचा तर ओव्हनमध्ये 175 अंशांवर पंधरा मिनिटं, म्हणजे कडा पुन्हा कुरकुरीत होतात. मायक्रोवेव्हमध्ये त्या मऊ पडतात. आजी मात्र दुसऱ्या दिवशी तो गरम करतच नाहीत. सकाळी कॉफीबरोबर, फ्रीजमधून काढलेला, उभ्या उभ्या खातात, आणि मी दारात दिसले की कोपऱ्यातला तुकडा माझ्यासाठी काढून ठेवलेला असतो.