बुद्धपौर्णिमेची रात्र मचाणावर : निसर्गानुभवाची नीट तयारी

वैशाखात विदर्भातलं सागाचं जंगल पानगळीने उघडं पडलेलं असतं. ओढे आटतात आणि पाणी उरतं ते मोजक्या पाणवठ्यांत. त्यात पौर्णिमेचा चंद्र मावळतीच्या सुमाराला उगवून थेट उजाडेपर्यंत आकाशात असतो. पाणवठ्यावरची प्राणिगणना बुद्धपौर्णिमेलाच का होते, याचं सगळं कारण एवढ्यात आलं. महाराष्ट्राचा वन विभाग आता या उपक्रमाला ‘निसर्गानुभव’ म्हणतो आणि काही मचाणं पर्यटकांसाठी खुली ठेवतो. २०२७ साली बुद्धपौर्णिमा २० मे रोजी आहे. पौर्णिमा जितकी उशिरा, तितके पाणवठे कमी आणि प्रत्येकावर वर्दळ जास्त. ऊनही अर्थात जास्त.

एक गोष्ट जाण्याआधी मनाशी पक्की असू द्या. त्या रात्रीच्या आकड्यांवरून जंगलात किती जनावरं आहेत ते कळत नाही. एकच कळप दोनदा येतो, काही जनावरं त्या रात्री पाण्यावर फिरकतच नाहीत. वाघांचा अधिकृत अंदाज २००६ पासून दर ४ वर्षांनी कॅमेरा ट्रॅपच्या (समोरून जाणाऱ्या जनावराचा आपोआप फोटो टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या) आधारे काढला जातो. मचाणावरच्या नोंदीचं मोल वेगळं आहे: कोणत्या पाणवठ्यावर कोणत्या जातीचे प्राणी येतात, किती वाजता येतात, पिल्लं सोबत आहेत का, आणि एखादा पाणवठा जनावरांनी टाळलाच आहे का. म्हणून प्रपत्रातली, म्हणजे रात्रभराच्या नोंदींच्या छापील तक्त्यातली, एकेक ओळ खरी असली पाहिजे.

नोंदणी आणि जागेची निवड

अर्ज साधारण पौर्णिमेआधीच्या काही आठवड्यांत निघतात. व्याघ्र प्रकल्पांची नोंदणी त्यांच्या संकेतस्थळावर होते, तर लहान अभयारण्यांची बऱ्याचदा विभागीय वन कार्यालयात चौकशी करावी लागते. शुल्क, वयाची अट आणि एका मचाणावर किती जण हे दरवर्षी आणि ठिकाणागणिक बदलतं, तेव्हा गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका. नोंदणीत दिलेलं ओळखपत्रच मूळ प्रतीत सोबत ठेवा.

ताडोबाची मचाणं लगेच भरतात. तिथे नंबर लागला नाही तर हळहळू नका. वाघच बघायचा असेल तर दिवसाची सफारी बरी. रात्रभर वेगवेगळ्या जाती बघायच्या असतील तर नवेगाव-नागझिरा, मेळघाट, टिपेश्वर, बोर यांपैकी कुठलाही पाणवठा तितकाच समृद्ध असू शकतो. सह्याद्रीत मात्र गणित बदलतं. तिथल्या सदाहरित रानात चांदणं जमिनीपर्यंत नीट पोचत नाही आणि बारमाही झरे असल्याने जनावरं एका ठिकाणी गोळा होत नाहीत. तिथे कमी दिसेल हे धरूनच जा.

मचाण निवडायची मुभा मिळाली तर पाणवठ्याच्या दक्षिणेकडचं, उत्तरेला तोंड असलेलं मागा. उन्हाळ्यातल्या पौर्णिमेचा चंद्र आग्नेयेला उगवून दक्षिणेकडून नैऋत्येला जातो. त्यामुळे तो तुमच्या पाठीशी राहतो आणि पाण्यावर आलेल्या जनावरावर समोरून उजेड पडतो. उलट दिशेच्या मचाणावरून फक्त काळी आकृती आणि पाण्याची चमक दिसते.

सोबत काय, आणि काय अजिबात नको

पाणी माणशी ५ लिटर, शिवाय जलसंजीवनीची २ पाकिटं. दुपारी तीन-चारला मचाणावर चढलात की सकाळी सहा-सातपर्यंत खाली उतरायचं नसतं, आणि चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. लोखंडी मचाण असेल तर ते रात्री उशिरापर्यंत तापलेलं राहतं, म्हणून खाली अंथरायला जाड गोधडी हवी. तिचा दुसरा उपयोग आवाज दाबण्याचा. पत्र्यावर बूट सरकला किंवा बाटली लवंडली तर समोरचं सांबर क्षणात नाहीसं होतं. त्याच कारणाने स्टीलच्या बाटल्या आणि डबे फडक्यात गुंडाळून न्या.

खाणं मऊ, कोरडं आणि कमी वासाचं असू द्या. दशम्या, धपाटे, तिळाची चटणी, गूळ-शेंगदाणे, खजूर उत्तम. चिवडा, वेफर्स, कुरकुरीत काहीही नको. चावण्याचा आवाज एकवेळ चालेल, पाकिटाचा नाही. घरीच सगळं सुती पिशवीत काढून घ्या. आंबे आणि केळी नेऊ नका: वास दूरवर जातो, दिवसा वानरं मागे लागतात, आणि अस्वलाचं नाक फार तीक्ष्ण असतं.

अत्तर, सुगंधी साबण, डास पळवणारं मलम, अगरबत्ती, तंबाखू, विडी, सगळं वर्ज्य. डासांसाठी पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पायमोजे आणि चेहऱ्यावरून घेता येईल असा पातळ पंचा पुरतो. रंग मातकट किंवा काळपट हिरवा. चांदण्यात पांढरा सदरा फार लांबून दिसतो.

दुर्बीण ७×५० किंवा ८×४२ (पहिला आकडा ताकद, दुसरा भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये). रात्री दुर्बिणीची ताकद महत्त्वाची नसते, डोळ्यात किती उजेड येतो ते महत्त्वाचं. भिंगाच्या व्यासाला ताकदीने भागलं की ते कळतं: ७×५० ला ७ मिलिमीटर, ८×४२ ला ५, आणि खिशात मावणाऱ्या १०×२५ ला जेमतेम अडीच. ही शेवटची दिवसा छान, अंधारात निरुपयोगी.

लघवीची सोय आधीच करा, कारण रात्री उतरणं हा पर्याय नाही. रुंद तोंडाची घट्ट झाकणाची बाटली न्या. स्त्रियांसाठी कागदी किंवा सिलिकॉनची नरसाळी औषधांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतात, ती घरी एकदा वापरून बघावीत. या अडचणीपायी कमी पाणी पिणं ही नेहमीची आणि घातक चूक आहे. पहाटे डोकं दुखतं, मळमळतं, कधी चक्कर येते. खोकला असलेल्याने जाऊ नये. घोरणाऱ्याने झोपायचं ठरवूच नये.

रात्रीचं वेळापत्रक

मचाणावर चढण्याआधी सोबतच्या वनरक्षकाकडून किंवा गाईडकडून झाडावर आग्या मोहळ नाही ना, एवढं बघून घ्या. पाण्याजवळच्या मोठ्या झाडांवर ती हमखास असतात. फळीखाली विंचू आणि मुंगळ्यांचीही एकदा पाहणी करा.

चार ते साडेसहा हा वेळ वाया जातो असं समजून गप्पा मारू नका. मोर, वानरं, चितळ, रानडुकरं याच वेळी येतात. रानकुत्रेही सहसा उजेडातच दिसतात. वाघ उन्हाळ्यात दिवसाच पाण्यात येऊन बसतो, बहुधा पाठमोरा उतरत.

सर्वांत अवघड वेळ संधिप्रकाश संपल्यापासून चंद्र झाडांच्या शेंड्यांवर येईपर्यंतचा, साधारण सव्वासात ते साडेआठ. तेव्हा जवळजवळ काही दिसत नाही आणि नेमकी याच वेळी वर्दळ असते. इथे नवखा माणूस विजेरी लावतो, आणि पुढचे दोन तास पाणवठा रिकामा राहतो. शिवाय अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा सरावायला २० ते ३० मिनिटं जातात. मोबाइल बंद करून पिशवीत टाका. कॅमेऱ्याचा फ्लॅश, फोकसचा दिवा आणि आवाज घरूनच बंद करून आणा. लिहिण्यापुरता उजेड हवा असेल तर छोट्या विजेरीवर लाल जिलेटिन कागदाचे तीन थर बांधा आणि ती मांडीखालीच पेटवा.

अंधारात वस्तूकडे थेट रोखून बघू नका, किंचित बाजूला बघा. डोळ्याच्या मध्यभागाला मंद उजेडात दिसत नाही, कडेला दिसतं. एरवी दगड वाटलेलं जनावर चालू लागलेलं कळतं ते असं.

दोघे असाल तर मध्यरात्रीपासून आळीपाळीने दीड-दीड तास झोपा. तीनपासून दोघांनीही जागं राहावं, पहाटेची फेरी चुकवण्यासारखी नसते.

चांदण्यात ओळखायचं कसं

चांदण्यात रंग दिसत नाहीत, चितळाचे ठिपकेही पुसले जातात. ओळख पटते ती बांधा, चाल आणि आवाज यांवरून. गवा सोपा: काळा डोंगर आणि खाली पांढरे पाय. रोही (नीलगाय) आणि तरस दोघांचीही पाठ मागे उतरती, पण रोह्याचे पाय आणि मान लांब, तर तरसाचं डोकं जड आणि मानेवर आयाळ. चितळ बहुतेक वेळा काठावरूनच पितं. सांबर आकाराने मोठं, कान रुंद, आणि ते खुशाल पाण्यात शिरतं.

सर्वांत जास्त घोळ अस्वल आणि रानडुक्कर यांच्यात होतो. डुक्कर अरुंद, खांद्याशी उंच, तुरुतुरु चालतं आणि शेपूट दिसतं. अस्वल झुलत, पंजे आत वळवून चालतं, अंगावर केस अस्ताव्यस्त, शेपूट जवळजवळ दिसतच नाही. साळिंदराचे काटे ते दिसण्याआधी खुळखुळतात.

शिंगं नाहीत म्हणून सरसकट मादी लिहू नका. सांबराच्या नराची शिंगं याच मोसमात गळतात, काहींची नवी, मखमली कातडीतली शिंगं नुकती फुटलेली असतात. शंका असेल तिथे ‘नर-मादी अनिश्चित’ लिहा. वनरक्षकाला असं प्रपत्र ठाम चुकीच्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतं.

प्रपत्रात वेळ, जात, संख्या, नर, मादी, पिल्लं आणि येण्या-जाण्याची दिशा लिहा. दिशेमुळेच तोच कळप परत आला का, याचा अंदाज बांधता येतो. ‘दिसले’ आणि ‘ऐकले’ यांचे रकाने वेगळे ठेवा. सांबराचा खणखणीत इशारा ऐकू आला तर जवळपास वाघ किंवा बिबट असण्याची शक्यता मोठी, पण ती नोंद ‘सांबर, इशारा’ अशीच राहिली पाहिजे, ‘वाघ’ अशी नाही. चितळ तर पालापाचोळ्याच्या आवाजालाही दचकून ओरडतात. पेन्सिल दोरीने गळ्यात बांधा, खाली पडली तर सकाळपर्यंत हाती येणार नाही.

वळीव आला तर

मे महिन्यात हे अधूनमधून होतंच. ढग आले की चांदणं जातं, आणि पाऊस पडला की रानभर डबकी साचून पाणवठ्याची ओढ संपते. अशा रात्री कोरं प्रपत्रही खरी नोंदच आहे, ते तसंच द्या. विजा मात्र गंभीर बाब आहे. उंच झाडावरच्या किंवा लोखंडी मचाणावर थांबणं धोक्याचं असतं. विजा चमकू लागल्या तर गाडी कोण बोलावणार, वायरलेस कुणाजवळ आहे, गाडीला यायला किती वेळ लागेल, हे सोडायला आलेल्या माणसाला चढण्याआधीच विचारून ठेवा. स्वतःच्या मनाने उतरून चालत निघू नका.

सकाळी गाडी मचाणाखाली येऊन उभी राहीपर्यंत वरच थांबा. उजाडल्यावर पाणवठा रिकामा दिसला तरी झुडपात काय बसलंय ते वरूनही कळत नाही. कागदाचा कपटा, बाटल्या, सगळं परत न्या. प्रपत्रावर मचाणाचं नाव आणि सही आहे ना, ते बघून त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. आणि गेटवरून लगेच नागपूर-पुण्याच्या रस्त्याला लागू नका. रात्रभर जागलेल्या चालकाने आधी चार तास झोप काढावी, मगच स्टिअरिंगला हात लावावा.