महाराष्ट्राचं बंदुकीचं लायसन्स एमपीत चालते काय?

तूर फुलावर आली का डुकरं रात्री वावरात घुसतात आन मग दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच, भाऊ, घरी बाराबोर आहे, लायसन्स आहे, पण अर्धं वावर एमपीत आहे, तिकडं बंदूक घेऊन जागलीले गेलं तं चालते काय. वरूडकडं हाच घोळ, गोंदियाकडं छत्तीसगडचा, राजुऱ्याकडं तेलंगणाचा. सोयरीक दोन्हीकडं, वावरं दोन्हीकडं, लायसन्सची हद्द मात्र बहुतेकांची एकाच बाजूची. म्हून एकदाच लिहून टाकतो.

पहिले एक गोष्ट डोक्यातून काढा, का प्रत्येक राज्याचा बंदुकीचा कायदा वेगळा असते. थे अमेरिकेत. तिकडं टेक्सासात सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरच्या साध्या माणसाले बिना परमिटचं पिस्तूल कमरेले लावता येते, आन इलिनॉयमधे 16 तासाचं ट्रेनिंग केल्याशिवाय परमिट नाही, वरून दुसऱ्या राज्याचं परमिट ते मानत नाहीत. आपल्या इकडं शस्त्र कायदा 1959 चा, नियम 2016 चे, दोन्ही केंद्राचे. वर्धा असो का बैतूल, वय 21 पायजे, एका माणसाजवळ जास्तीत जास्त दोन बंदुका (2019 च्या आधी तीन चालत), आन लायसन्स 5 वर्षांचं. अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडं, नागपूर-अमरावती शहरात राहत असान तं पोलीस कमिशनरकडं.

मंग फरक पडते कुठं? तं हद्दीत. लायसन्स काढा आन कुठपर्यंत चालते हे लिहिलेला रकाना वाचा, बहुतेक लोकायनं तो कधी वाचलेलाच नसते. तिथं जिल्हा लिहिला असन तं जिल्हा, महाराष्ट्र लिहिलं असन तं महाराष्ट्र, त्याच्या बाहेर तुमची बंदूक लायसन्सची राहत नाही. ऑल इंडिया सहजासहजी कास्तकाराले भेटत नाही, ते खासदार, फौजी, मोठे अधिकारी, नेमबाजीचे खेळाडू असल्यायसाठी. पण लगतच्या राज्यापुरती हद्द वाढवून मागता येते आन तिथं कारण सांगावं लागते. "संरक्षणासाठी" असं मोघम लिहू नका. पल्याड जमीन असन तं त्याचा कागद जोडा, एमपीत सातबारा नसते, तिथं खसरा आन बी-वन काढा, तेलंगणात असन तं पट्टादार पासबुक. लायसन्सवर युआयएन नंबर (लायसन्सवाल्याचा सरकारी ओळख नंबर) आहे का हेही पाहून घ्या, जुन्या लायसन्सवाल्यायनं तो घेतला नसन तं पहिले ते काम.

हद्द मोडली तं निदान अटी मोडल्याचं कलम 30 लागते, सहा महिने कैद किंवा 2000 दंड किंवा दोन्ही. पण समोरच्या ठाणेदारानं बिनालायसन्सचं हत्यार म्हणून धरलं तं मामला वेगळा, 2019 पासून त्याले कमीत कमी दोन वर्ष आन जास्तीत जास्त पाच. तिथं तुमी "नदीच्या अल्याड तं चालते ना" म्हणत बसान.

हद्द वाढवून भेटली तरी निवडणुका ध्यानात ठेवा. एमपीची विधानसभा नोव्हेंबर 2023 ले झाली, आपली नोव्हेंबर 2024 ले. म्हंजे इकडं सगळं शांत असते आन तिकडं आचारसंहिता चालू, नाक्यावर डिक्क्या उघडून पाहणं चालू. असं असन तं बंदूक घरीच ठेवा, आन ठाण्यातून जमा करा असा निरोप आला तं जमा करून पावती घ्या. बाकी टायमाले नेताना खाली करून, पुऱ्या कव्हरात. लग्नाले तं नेऊच नका राजेहो, वरातीत हवेत बार काढला आन कोणाच्या जिवाले धोका झाला तं दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही.

आता खरा गोंधळ. बंदुकीचं लायसन्स म्हंजे डुक्कर मारायचं लायसन्स नव्हे. डुक्कर आन रोही (नीलगाय) दोन्ही वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 2 मधे आहेत, त्यायले मारायले वनखात्याची लेखी परवानगी लागते, आन इथं मात्र राज्यानुसार फरक आहे. बिहारात केंद्रानं काही भागात, काही काळापुरतं दोघायले उपद्रवी ठरवलं होतं, 2016 मधे मोकाम्याले बाहेरून नेमबाज आणून रोही मारले. केरळनं 2022 मधे डुकराची परवानगी द्यायचा अधिकार पंचायतीच्या अध्यक्षाले देला. आपल्याकडं पीक खाल्लं का पटवाऱ्याची वाट पाहत बसू नका, फोटो काढा, आरएफओकडं (वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडं) अर्ज द्या, पोच घ्या. आन आपल्या आरएफओची परवानगी एमपीच्या वावरात चालत नाही, तिथं त्यायच्याच वनखात्याकडं जा. मारलेलं जनावर सरकारचं असते, मटण घरी आणलं का परवानगी असूनही फसले. करंट सोडायचं तं नावच काढू नका, त्यात डुकरापेक्षा आपलेच लोक मरून रायले.

बाची बंदूक पोराच्या नावानं करायची असन तं बा जायची वाट पाहायची गरज नाही. बा 70 वर्षांचा झाला असन किंवा बंदूक त्याच्याजवळ 25 वर्षांपासून असन तं जिवंतपणीच वारसाले लायसन्स मागता येते, पोरगी, सून, जवाई सगळे वारसात बसतात. बा गेल्यावर मात्र बंदूक घरी माळ्यावर ठेवू नका, ठाण्यात नाहीतर लायसन्सवाल्या दुकानदाराकडं जमा करा, पावती घ्या, मंग अर्ज. त्याच अर्जासोबत हद्दीचाही विषय मांडून टाका, मागाहून दुसरा चक्कर पडत नाही.