माणदेश, जत आणि मानवशास्त्रातली पीएचडी

माणदेश आणि जत या सातारा-सांगलीच्या दुष्काळी भागात राहून मानवशास्त्रात पीएचडी करायची, तर आधी पात्रता. पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के, आरक्षित प्रवर्गाला ५०. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत मानवशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे. फक्त पीएचडी प्रवेशापुरता लागलेला नेटचा निकाल वर्षभरच चालतो. त्यात नेटच्या गुणांना ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०. सातारा-सांगली शिवाजी विद्यापीठाच्या हद्दीत येतात, पण मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग पुण्याच्या विद्यापीठात आहे. अर्जाआधी मार्गदर्शकाकडे जागा रिकामी आहे का, हे विचाराच.

प्रवेशानंतर किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क असतं. मुदत कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६.

खरी कसोटी फील्डवर्कची, म्हणजे लोकांत राहून माहिती घेण्याची. त्याचं वेळापत्रक विद्यापीठाच्या नाही, लोकांच्या वर्षावर बेतायचं. ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांच्या भागात येतात आणि हंगाम संपला की जातात. विषयाची मंजुरी फेब्रुवारीत मिळाली, तर हाती उरतो तो जेमतेम हंगामाचा शेवट. माणमधले मेंढपाळ नेमके दिवाळीनंतरच वाड्यासह, म्हणजे कुटुंबं आणि कळप घेऊन, बाहेर पडतात. तेव्हा गावात बसून काय लिहिणार?

दुसरी चूक मुकादमामार्फत, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदारामार्फत, टोळीत शिरण्याची. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, त्यानेच दिलेली असते; त्याच्यासमोर कोयता, म्हणजे ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं, तोंड उघडत नाही. संध्याकाळी पालांपाशी, चुली पेटल्यावर जा. संमती तोंडी घ्या, पण तारखेसह नोंदवा. जागेवर चार शब्द टिपा आणि सविस्तर नोंद त्याच रात्री करा. सकाळपर्यंत माणसाचे शब्द जातात, उरतो फक्त आपला सारांश.