वक्तृत्वाच्या कोर्सला नाव घातलंय? तिथे काय होतं ते आधी वाचा

वक्तृत्वाचा दोन क्रेडिटचा कोर्स घेतलेली मुलं पहिल्या तासाला एकच अपेक्षा घेऊन येतात: मॅडम छान भाषण लिहून देतील, आपण पाठ करायचं. शाळेत तसंच झालेलं असतं. पंधरा ऑगस्टला बाई कागद देतात, 'सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग' इथून सुरुवात होते आणि मधलं एक वाक्य निसटलं की पुढचं सगळंच अडतं. मी हा कोर्स बरीच वर्षं शिकवते आहे. यात मिळवण्यासारखी सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे तो कागद बाजूला ठेवून, मुद्दे हाताशी धरून, समोरच्या माणसांशी बोलता येणं.

आधी तासांचं गणित बघा. दोन क्रेडिट म्हणजे साधारण ३० तास. वर्गात ४० मुलं असली आणि प्रत्येकाला ३ मिनिटं बोलायला, ३ मिनिटं चर्चेला दिली, तर एक फेरी ४ तास खाते. शिकवण्याचे आणि परीक्षेचे तास वजा केले की तुमची पाळी सेमिस्टरमध्ये चार-पाच वेळाच येते. उरलेला वेळ तुम्ही श्रोते असता. म्हणून 'आज आपला नंबर नाही' म्हणून दांडी मारू नका. दुसऱ्याचं भाषण नेमकं कुठे कंटाळवाणं झालं हे ज्याला टिपता येतं, त्याचं स्वतःचं भाषण लवकर सुधारतं. आणि चार-पाच पाळ्या पुरत नाहीत, तेव्हा बाहेरच्या संधी घ्या. एनएसएसच्या शिबिरात पाहुण्यांची ओळख कुणीतरी करून द्यायची असते, विभागाच्या कार्यक्रमात आभार मानायचे असतात, मंडळाच्या गणपतीत बक्षीस समारंभाचं सूत्रसंचालन असतं. या कामांना फारसं कुणी पुढे येत नाही. तुम्ही या.

थिअरी फार नसते. रोमन वक्तृत्वशास्त्रातली भाषणाची पाच अंगं बहुतेक ठिकाणी शिकवतात: मुद्दे शोधणं, त्यांची मांडणी, भाषा, स्मरण आणि सादरीकरण. पाठांतर ज्यात येतं ते स्मरण पाचातलं एक, तेही चौथं, एवढं ध्यानात ठेवलं तरी खूप झालं. महाराष्ट्राची परंपराही सांगतात. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली आणि ती चालवणाऱ्या संस्थेचं नावच वक्तृत्वोत्तेजक सभा आहे. परीक्षेला हे विचारतात, वाचून ठेवा.

खरं काम भाषण घडवण्यात आहे. एक उदाहरण देते. एका मुलीने 'शेतकरी: जगाचा पोशिंदा' हा विषय घेतला होता. वहीत दोन पानं भरून बळीराजा, काळी आई, घामाचे मोती. मी तिला विचारलं, "अगं, तुझ्या घरी सकाळी काय चालतं?" ती म्हणाली, "मॅडम, आजी पाचला धार काढते. मी किटली घेऊन डेअरीवर जाते. फॅट (दुधातला स्निग्धांश) ३.५ आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.५ च्या खाली लागलं की दर कापतात. मी घरी आले की आजी आधी विचारते, फॅट किती लागली? मग चहा टाकते." मी म्हटलं, हेच भाषण. मग तिने पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर एकाखाली एक पाच शब्द लिहिले: धार, किटली, फॅट, पावती, आजी. दोन पानं मिटली. तिला एकही वाक्य पाठ करावं लागलं नाही, कारण रोज घडणारी गोष्ट कुणी विसरत नाही. दराचा मुद्दा तिने आकड्यांनिशी मांडला तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मान वर करून ऐकत होती.

तुमच्या विषयाचंही असंच करा. फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य पक्कं ठेवा. पहिल्या अर्ध्या मिनिटात छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते. तेवढा वेळ ती दोन वाक्यं तुम्हाला धरून ठेवतात. ए-फोर कागद हातात घेऊ नका, हात थरथरला की तो फडफडतो आणि सगळ्यांना दिसतो. जाड कार्ड फडफडत नाही.

वेळेचे गुण कापले जातात, तेव्हा घरी मोबाइलवर वेळ लावून मोठ्याने बोला. मनातल्या मनात केलेली तयारी नेहमी कमी वेळात संपते. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे ३ मिनिटांत तीन मुद्दे जेमतेम बसतात. पाच कोंबू नका. माइक हनुवटीच्या जरा खाली, चार बोटं अंतरावर धरा आणि स्पीकरच्या दिशेने कधीच फिरवू नका, शिट्टी वाजते.

एका गोष्टीवर मी अडून बसते. खेड्यातून आलेली मुलं 'पानी', 'लोनी' असं बोलली की वर्गात खसखस पिकते आणि ती मुलं पुढच्या पाळीला गैरहजर राहतात. माझ्या वर्गात हसणाऱ्याला मी तिथल्या तिथे थांबवते. तुमच्या बोलीला घाबरू नका. घरी जसं बोलता तसं बोलून तुमचा मुद्दा पोचत असेल तर तो पोचला. सुधारायचंच असेल तर वेग सुधारा, वाक्याचा शेवट गिळायची सवय सुधारा. त्याने श्रोत्याचं खरंच नुकसान होतं.

शेवटी बहुधा मन वळवणारं भाषण असतं आणि त्यावर प्रश्न विचारतात. प्रश्न पुरता ऐका, एक श्वास घ्या, मग उत्तर द्या. माहीत नसेल तर "हे मी तपासलेलं नाही" म्हणा. कुठलाही शहाणा परीक्षक त्याचे गुण कापत नाही, ठोकून दिलेल्या आकड्याचे मात्र कापतो. त्या दिवशी मैत्रिणीला फोनवर चित्रण करायला सांगा. ते एकदा आवाज बंद करून बघा, म्हणजे हात आणि नजर कुठे जाते ते कळेल. मग फोन पालथा ठेवून नुसतं ऐका आणि 'म्हणजे', 'तर', 'अं' किती वेळा आलं ते कार्डाच्या मागे लिहून ठेवा.