विमान उतरताना कानाला दडे बसू नयेत म्हणून

विमानप्रवासात कान दुखतो तो बहुधा विमान चढताना नव्हे, तर उतरताना. विमान पस्तीस हजार फुटांवर असले तरी आतील हवेचा दाब साधारणपणे ६,००० ते ८,००० फूट उंचीवर असतो तेवढा राखलेला असतो. चढताना मधल्या कानातील हवा घशाकडे उघडणाऱ्या युस्टेशियन नलिकेतून आपोआप बाहेर पडते. उतरताना मात्र बाहेरचा दाब वाढत जातो आणि हवा आत येण्यासाठी ही नलिका उघडावी लागते, जी गिळताना किंवा जांभई देतानाच नीट उघडते. सर्दीने तिचे अस्तर सुजलेले असेल तर पडदा आत ओढला जाऊन दडे बसतात. कपाळातील सायनसचे (हाडातील हवेच्या पोकळीचे) तोंड बंद असेल तर भुवईच्या वर तीव्र कळ येते.

म्हणून उतरण्यापूर्वीचा अर्धा तास झोपू नये, कारण झोपेत आपण फार कमी वेळा गिळतो. पुण्याहून दिल्लीला जाताना दोन तासांच्या प्रवासात डोळा लागणे साहजिकच आहे. तेव्हा शेजाऱ्याला उठवायला सांगून ठेवावे. लिमलेटची गोळी किंवा खडीसाखर चघळत राहावे आणि पाण्याचे लहान लहान घोट घ्यावेत. तेवढ्याने भागले नाही, तर नाकपुड्या चिमटीत धरून पाण्याचा घोट गिळावा. याखेरीज, नाक व तोंड बंद ठेवून हलकेच हवा नाकाकडे ढकलण्याचीही पद्धत आहे; कानात ‘टक्’ असा आवाज आला की थांबावे. जोर लावणे धोक्याचे असते. हे उपाय दडे बसण्याआधी, दर काही मिनिटांनी करावेत, कारण दाबातील फरक वाढला की नलिका उघडेनाशी होते. आपल्याकडे कानात कापसाचे बोळे घालण्याची सवय आहे. त्याने आवाज कमी होतो, दाब नाही.

नाक चोंदलेले असल्यास मिठाच्या पाण्याचा स्प्रे कुणीही वापरावा. झायलोमेटाझोलिनसारखे नाक मोकळे करणारे औषधी थेंब विमान उतरायला सुरुवात होण्यापूर्वी सुमारे अर्धा तास घातले तर उपयोग होतो. मात्र रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या रुग्णांनी, गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांसाठी पालकांनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि कुणीही ते ओळीने काही दिवसांपलीकडे वापरू नयेत, कारण त्यानंतर नाक अधिकच चोंदते. सर्दी फार झाली असेल, ताप असेल किंवा कानाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर प्रवास पुढे ढकलणेच बरे.

तान्ह्या बाळाला उतरतेवेळी उभे धरून अंगावर किंवा बाटलीने दूध पाजावे.

उतरल्यावर काही तास कान जड वाटणे नेहमीचे आहे. परंतु तीव्र वेदना, कानातून रक्त किंवा पाणी येणे, गरगरणे वा ऐकू न येणे यांपैकी काही झाले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना लगेच दाखवावे आणि परतीचे विमान त्यांच्या सल्ल्यानंतरच पकडावे.