हॅम क्लब चालू ठेवायचाय ना, मग आधी रविवारची नेट सुरू करा

हॅम रेडिओचा, म्हणजे सरकारी लायसन्स घेऊन हौसेने बिनतारी सेटवर बोलणाऱ्यांचा, क्लब काढणं सोप्पं असतं हो, आठ-दहा लायसन्सवाले गोळा झाले, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला, डीपीला अँटेनाचा फोटो लागला की झाला क्लब. तीन महिन्यांनी बघा, ग्रुपवर रोज गुड मॉर्निंग येतंय आणि रेडिओवर चिटपाखरू नाही. आमचंही साताऱ्यात हेच झालं होतं. मग दोन गोष्टींनी गाडी रुळावर आली, एक नेट आणि दुसरी फॉक्स हंट. त्या कशा करायच्या ते सांगतो, बाकीचं जाता जाता.

नेट म्हणजे ठरलेल्या वेळी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर सगळ्यांनी हजेरी लावायची. आम्ही रविवारी सकाळी साडेआठला टू मीटरवर घेतो, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमधली एक मोकळी सिम्प्लेक्स (सेट ते सेट थेट बोलायची) फ्रिक्वेन्सी धरून. रिपीटर, म्हणजे आपला सिग्नल पकडून पुढे पाठवणारं स्टेशन, नाही म्हणून रडत बसू नका. आमचं शहर एका बाजूला अजिंक्यतारा आणि दुसऱ्या बाजूला यवतेश्वर असं वाडग्यात बसलंय, पाच वॅटच्या हँडीवर (हातात मावणारा वॉकीटॉकीसारखा सेट) आणि गच्चीवरच्या साध्या अँटेनावर बहुतेक सगळे ऐकू येतात, जो येत नाही त्याचं मधला कोणीतरी रिले करतो. वेळ मात्र बदलायची नाही. दोनच जण आले तरी नेट घ्यायची, दिवाळीत पण घ्यायची, मॅच असेल तर दहा मिनिटात आटपायची पण घ्यायची.

नेट कंट्रोल, म्हणजे नेट चालवणारा, दर आठवड्याला वेगळा ठेवा. एकच माणूस कायम बसला की ती त्याची जहागीर होते आणि तो गावाला गेला की नेट बंद. कंट्रोलने आधी स्वतःचा कॉलसाईन, म्हणजे लायसन्सबरोबर मिळालेलं रेडिओवरचं नाव, सांगायचा, कोणाची काही इमर्जन्सी आहे का विचारायचं, मग हजेरी घ्यायची. प्रत्येकाने कॉलसाईन, कुठून बोलतोय आणि कंट्रोलचा सिग्नल कसा येतोय एवढं सांगायचं, मग दुसऱ्या फेरीत गप्पा. नवशिक्यांची चूक ठरलेली, बटण दाबलं की लगेच बोलायला सुरुवात, त्यामुळे पहिला शब्द कापला जातो. दाबा, एक सेकंद थांबा, मग बोला. आणि समोरच्याचं संपलं की लगेच झडप घालू नका, दोन सेकंद गॅप सोडा, कोणाला ‘ब्रेक’ म्हणून मध्ये बोलायचं असेल तर त्याला जागा नको का.

नवीन व्हीयू-थ्रीवाल्यांना, म्हणजे पहिल्या पायरीचं लायसन्स मिळालेल्यांना, पहिल्या पाचात घ्या. शेवटी ठेवलं तर पोरगं अर्धा तास घाम पुसत बसतं आणि नंबर आला की ‘सेम हिअर, सेव्हंटी थ्री’ (हॅम लोकांचा रामराम) म्हणून पळून जातं. आमच्याकडे एक बारावीतली मुलगी आली होती, पहिल्या दिवशी बटण दाबलं आणि नुसता पंख्याचा आवाज, सगळ्यांना कळलं की ही आहे पण बोलत नाहीये. कंट्रोलवाल्या काकांनी फक्त एवढंच म्हटलं, ‘बाळ, कॅरिअर मस्त येतोय, पंखा थोडा कमी कर.’ (कॅरिअर म्हणजे बोलण्याशिवायचा नुसता सिग्नल.) हसली आणि बोलली. आता तीच महिन्यातून एकदा कंट्रोल बसते आणि काकांना लांबण लावू देत नाही.

काय बोलायचं नाही ते पण पहिल्याच दिवशी सांगून टाका. धंद्याचं नाही, राजकारण नाही, गाणी लावायची नाहीत, दुसऱ्याचे निरोप पोचवायचे नाहीत, कोड भाषा नाही. हे आमचे नियम नाहीत, लायसन्सचेच आहेत.

आता फॉक्स हंट, म्हणजे लपवलेला ट्रान्समीटर शोधायचा. क्लबमध्ये माणसं कशाने येतात विचाराल तर मी डोळे झाकून हेच सांगेन, कारण यात लायसन्स नसलेली भाची, कंटाळलेली बायको, शेजारचा इंजिनिअरिंगचा पोरगा सगळे येऊ शकतात, त्यांनी फक्त अँटेना फिरवायची आणि ऐकायचं, बटण दाबायचं काम लायसन्सवाल्याचं.

अँटेना घरी बनवा, विकतची नको. तीन मीटरची स्टीलची मेजर टेप घ्या, इंचभर रुंदीची, आणि अर्धा इंची पीव्हीसी पाईप. टेपचे तुकडे कापा, १०५ सेंटिमीटरचा रिफ्लेक्टर, ८९ चा डायरेक्टर आणि मधल्या ड्रिव्हनसाठी (ज्याला केबल जोडतात तो) ४५-४५ चे दोन. ड्रिव्हनच्या दोन तुकड्यांत इंचभर फट ठेवायची. तुकडे पाईपवर आडवे बसवा, ड्रिव्हनपासून रिफ्लेक्टर मागे २० सेंटिमीटरवर, डायरेक्टर पुढे ३२ वर. फटीच्या दोन्ही बाजू जोडणारी बारा-तेरा सेंटिमीटर वायरची यू आकाराची पिन सोल्डर करा आणि तिथेच कोअॅक्स केबल जोडा. टेपवरचा पिवळा रंग पॉलिश पेपरने पार धातू दिसेपर्यंत खरवडा, नाहीतर सोल्डर धरतच नाही, आमच्या पहिल्या वर्कशॉपमध्ये सहा अँटेना झाल्या आणि त्यातल्या चार याच कारणाने बंद. टोकांना इन्सुलेशन टेप गुंडाळा, ती कड ब्लेडसारखी असते. फायदा असा की झुडपात घुसलात तरी टेप वाकते आणि परत सरळ होते, स्कूटरवरून पण नेता येते.

फॉक्स म्हणजे एक हँडी, सगळ्यात कमी पॉवरवर. दर पाच मिनिटांनी अर्धा-एक मिनिट ट्रान्समिट आणि प्रत्येक वेळी कॉलसाईन सांगायचा. हँडी सोडून निघून जायचं नाही, लायसन्सवाला माणूस तिथेच लपून बसला पाहिजे. एकदा पावसाची भुरभुर होती म्हणून आमच्या मास्तरांनी हँडी चक्क स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं. दीड तास कोणालाच काही ऐकू आलं नाही, मास्तर आपले आत बसून कॉलसाईन घोकतायत. स्टीलमधून सिग्नल बाहेर पडत नाही, प्लॅस्टिकची पिशवी बास.

शोधताना सगळे जोरदार सिग्नलच्या मागे धावतात. दरवेळी ते बरोबर नसतं. आम्ही जिल्हा परिषदेच्या ग्राउंडवरून निघालो होतो, सगळ्यांच्या अँटेना अजिंक्यताऱ्याच्या कड्याकडे बोट दाखवत होत्या, झालं, निम्मी गँग डोंगरावरच्या ‘चार भिंती’ या ठिकाणाकडे धापा टाकत चढली. फॉक्स होता खाली गोडोलीत, बिल्डिंगांच्या मागे. थेट वाट अडलेली आणि सिग्नल कड्यावर आपटून परत येत होता. म्हणून एका जागेवरून दिशा घेऊन पळायचं नाही. तीन वेगवेगळ्या जागांवरून दिशा घ्या, मॅपवर रेषा ओढा, जिथे छेदतात तिकडे चला, आणि एखादी रेषा भलतीकडेच जात असेल तर ती कड्याची आहे असं समजून सोडून द्या.

जवळ गेलं की वेगळीच पंचाईत, सेटवरचा सिग्नलचा मीटर सगळीकडे फुल. तेव्हा अँटेना काढून टाका. तरी फुल असेल तर फ्रिक्वेन्सी पाच-दहा किलोहर्ट्झ बाजूला सरकवा. मग हँडी छातीशी धरून स्वतःभोवती हळूहळू गोल फिरा, सिग्नल जिथे सगळ्यात कमी होईल तिथे थांबा. तुमचं अंग आडवं आलंय, म्हणजे फॉक्स बरोब्बर तुमच्या पाठीमागे. लहान पोरांना हे एवढं आवडतं की शेवटची पन्नास मीटर सगळे गरगर फिरताना दिसतात आणि येणारे-जाणारे थांबून बघतात.

म्हणूनच आदल्या दिवशी पोलीस स्टेशनला पत्र आणि लायसन्सची झेरॉक्स देऊन या. हातात काटेरी अँटेना घेऊन झुडपात वाकलेला माणूस बघून कोणी शंभर नंबर फिरवला तर त्यात त्याची चूक नाही.

लायसन्सचं थोडक्यात सांगतो. वय १२ पूर्ण पाहिजे, अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर, परीक्षा एएसओसीची, म्हणजे हौशी स्टेशन ऑपरेटरच्या प्रमाणपत्राची. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स (टिंब-रेघांचा कोड) लागत नाही आणि व्हीयू-थ्रीने सुरू होणारा कॉलसाईन मिळतो, जनरलला व्हीयू-टू. क्लबने क्लास घ्यायचा तर थिअरीपेक्षा नियमांवर जास्त वेळ घालवा, इंजिनिअर लोक तिथेच गळतात कारण ते वाचतच नाहीत. आणि लायसन्स हातात येईपर्यंत ऑनलाईन हँडी मागवू नका, स्वस्त दिसली तरी.

इमर्जन्सीचं प्रत्येक क्लबच्या तोंडी असतं. १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात हॅम पोचले होते हे आपल्याकडे सगळ्यांना माहितीये. २००४ च्या डिसेंबरात तर भारती प्रसाद यांची टीम अंदमानात व्हीयू-फोर-आरबीआय कॉलसाईनने जगभर कॉन्टॅक्ट करत होती, २६ तारखेला त्सुनामी आली आणि तेच स्टेशन मदतीच्या कामाला लागलं. अँटेना आधीच वर होती, ऑपरेटर आधीच सेटवर होते म्हणून जमलं. तेव्हा वर्षातून दोनदा रविवारची नेट मेन स्विच पाडून घ्या. पहिल्यांदा केली तेव्हा आमच्याकडे चौदापैकी पाचच हजर राहू शकले. एकाने यूपीएसची जुनी सात अँपिअर-अवरची बॅटरी एचएफ (लांब पल्ल्याच्या मोठ्या) सेटला लावली, तो फुल पॉवरला वीसेक अँपिअर ओढतो, ‘सीक्यू’ (कोणी ऐकतंय का) म्हणेपर्यंत सेट बंद. अशा वेळी हँडी बरी, नाहीतर गाडीची बॅटरी.

एक शेवटचं, जरा अवघड. म्हातारे मेंबर जातात. आपल्याकडे त्यांना सायलेंट की म्हणतात. आमच्या एका काकांचा सेट, पॉवर सप्लाय, हाताने वळलेल्या कॉईल्स असलेला ट्यूनर, सगळं किलोवर भंगारात गेलं, आम्ही तेराव्यानंतर घरी गेलो तेव्हा कळलं. वहिनींना कोणी सांगितलंच नव्हतं की हे लायसन्सवाल्यालाच देता येतं आणि ते घ्यायला क्लबमधली पोरं टपून बसलीत. आता प्रत्येकाने एक चिठ्ठी लिहायची, काय काय सामान आहे आणि फोन कोणाला करायचा, दोन नंबर. ती सेटच्या डोक्यावरच चिकटवा. लायसन्सच्या फाईलमध्ये ठेवू नका, ती फाईल घरात दुसऱ्या कोणाला आजवर सापडलेली नाही.